पेनड्राइव्ह, प्रिंटर लावला आणि कॉम्प्युटर म्हणतो ‘ओळखत नाही’, तेव्हा नेमकं काय बिघडलेलं असतं?

२० एप्रिल १९९८. शिकागोमध्ये कॉमडेक्स नावाचं कॉम्प्युटरचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. स्टेजवर बिल गेट्स होते आणि सोबत मायक्रोसॉफ्टचेच ख्रिस कॅपोसेला. दोन महिन्यांनी बाजारात येणाऱ्या विंडोज ९८ चं प्रात्यक्षिक चाललं होतं. यूएसबीची वायर नुसती खोचायची, बाकीचं कॉम्प्युटर आपलं आपण बघून घेतो, हे लोकांना दाखवायचं होतं.

कॅपोसेलांनी स्कॅनरची वायर लावली. विंडोजने स्कॅनर ओळखायला घेतला आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर निळी स्क्रीन आली. जगातल्या सगळ्यात मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीचा कॉम्प्युटर भर कार्यक्रमात आडवा झाला होता.

हॉलमध्ये हशा आणि टाळ्या. म्हणूनच तर हे अजून विकायला काढलेलं नाही, अशा अर्थाचं बोलून गेट्स यांनी वेळ मारून नेली. कॅपोसेला पुढे त्याच कंपनीत मार्केटिंगचे सर्वोच्च अधिकारी झाले. थोडक्यात, त्या दिवशी कुणाचं काही बिघडलं नाही.

पण फॉर्म भरायची शेवटची तारीख आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, कागदपत्रं पेनड्राइव्हमध्ये आहेत आणि कॉपर्‍यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ अशी पाटी झळकते, तेव्हा हसून सोडून देता येत नाही. मग सुरू होते धावाधाव. कुणी म्हणतं पेनड्राइव्ह गेला, कुणी म्हणतं विंडोज नवीन टाक, कुणी यूट्यूब बघून भलतंच काहीतरी डाऊनलोड करतं.

खरं तर यातले बरेच प्रॉब्लेम घरच्या घरी सुटतात. फक्त गाडी नेमकी कुठे अडली आहे, हे आधी समजून घ्यावं लागतं.

यूएसबी आली कुठून?

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला वेगवेगळ्या आकाराच्या भोकांची जत्रा असायची. प्रिंटरचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं, माऊसचं वेगळं. एखादी गोष्ट नवीन जोडायची तर कॉम्प्युटर बंद करा, सेटिंग बदला, परत चालू करा आणि देवाचं नाव घ्या.

हा ताप संपवण्यासाठी इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डीईसी, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्या एकत्र आल्या. जानेवारी १९९६ मध्ये यूएसबीची पहिली आवृत्ती आली. या कामात इंटेलच्या टीमचं मोठं नाव म्हणजे अजय भट्ट. त्यांचं इंजिनिअरिंगचं शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झालेलं. ज्या प्लगने आज जगभरातले प्रिंटर आणि पेनड्राइव्ह जोडले जातात, त्यामागे गायकवाडांच्या बडोद्यात शिकलेला माणूस आहे.

भोक एक झालं. पण त्या भोकातून येणारी प्रत्येक वस्तू वेगळी होती. तिच्याशी बोलायचं कसं, हा प्रश्न उरलाच. त्याचं उत्तर म्हणजे ड्रायव्हर.

ड्रायव्हर म्हणजे दुभाषा

प्रिंटरला ‘हे पान छाप’ असं मराठीत किंवा इंग्रजीत सांगून कळत नाही. त्याला त्याच्या चिपच्या भाषेतले आदेश लागतात. विंडोजला ती भाषा येत नाही. दोघांच्या मध्ये बसून इकडचं तिकडे सांगणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर.

मग पेनड्राइव्हला कधी ड्रायव्हर टाकावा लागत नाही, तो का?

कारण यूएसबी बनवणाऱ्यांनी वस्तूंच्या ठरावीक जाती केल्या. कीबोर्ड आणि माऊस एका जातीत, पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क दुसऱ्या, वेबकॅम तिसऱ्या, माईक आणि हेडफोन चौथ्या. या प्रत्येक जातीचा एक सामायिक दुभाषा विंडोजमध्ये आधीपासूनच असतो. त्यामुळे कुठल्याही कंपनीचा माऊस लावा, तो चालतो.

पण बोटांचे ठसे घेणारं मशीन, दुकानातला बिलाचा प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, आर्डुइनोसारखे बोर्ड अशा वस्तूंना बऱ्याचदा त्यांचा स्वतःचा दुभाषा लागतो. तो आधी बसवावा लागतो. सगळ्यात जास्त भांडणं इथेच होतात.

वायर लावली की पहिल्या सेकंदात काय होतं?

एसटी स्टँडवर अनोळखी पाहुणा उतरला की गावकरी काय विचारतात? कुठले? कुणाकडे आलात? काम काय? कॉम्प्युटर अगदी हेच करतो.

पहिली पायरी. वायर लागताच वस्तू डेटाच्या दोन तारांपैकी एका तारेवर व्होल्टेज चढवते. कॉम्प्युटरला कळतं की कुणीतरी आलंय.

दुसरी पायरी. कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? वस्तू आपलं ओळखपत्र देते. तांत्रिक भाषेत याला डिस्क्रिप्टर म्हणतात. कॉम्प्युटर तिला १ ते १२७ मधला एक नंबर देतो आणि पुढचं सगळं बोलणं त्या नंबरवर चालतं.

तिसरी पायरी. त्या ओळखपत्रावर दोन नंबर असतात. एक कंपनीचा, म्हणजे व्हेंडर आयडी. दुसरा त्या कंपनीच्या नेमक्या वस्तूचा, म्हणजे प्रॉडक्ट आयडी. आडनाव आणि नाव असतं तसं. सोबत वस्तूची जातही नोंदवलेली असते.

चौथी पायरी. विंडोज आपल्याकडच्या यादीत बघतो की या नावाचा किंवा या जातीचा दुभाषा आहे का.

पाचवी पायरी. दुभाषा सापडला की त्याला कामाला लावतो.

एरर एकच दिसत असली तरी गाडी या पाचपैकी कुठल्याही पायरीवर अडकलेली असू शकते. पहिल्या दोन पायऱ्यांवर अडकली असेल तर शंभर ड्रायव्हर टाकले तरी उपयोग नाही, कारण पाहुण्याने अजून नावच सांगितलेलं नाही.

कुठे अडलंय ते कसं ओळखायचं?

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा आणि यादीतून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. अडचणीतल्या वस्तूवर पिवळा त्रिकोण दिसेल. तिच्यावर डबल क्लिक केलं की ‘डिव्हाइस स्टेटस’च्या चौकटीत एक कोड दिसतो. डॉक्टरच्या हातातल्या रिपोर्टइतकाच तो महत्त्वाचा असतो.

‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असं दिसलं तर वस्तूने ओळखपत्रच दिलेलं नाही. वायर, पोर्ट, वीज किंवा वस्तू यांच्यावर संशय घ्या.

कोड २८ म्हणजे वस्तू ओळखली, पण तिचा ड्रायव्हर बसवलेला नाही. हा सोपा प्रकार. योग्य ड्रायव्हर टाकला की काम होतं.

कोड १० म्हणजे ड्रायव्हर आहे, पण वस्तू सुरूच होत नाही. बऱ्याचदा ड्रायव्हर आणि वस्तू यांचं जमत नसतं.

कोड ३९ म्हणजे ड्रायव्हरची फाईल खराब किंवा गायब.

कोड ४३ म्हणजे वस्तूनेच काहीतरी बिघाड कळवला म्हणून विंडोजने तिला थांबवलं. यात दोष वस्तूचाही असू शकतो आणि ड्रायव्हरचाही.

कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरवरची डिजिटल सही विंडोजला पटलेली नाही.

आणि कोड २२ दिसला तर हसा. कुणीतरी ती वस्तू ‘डिसेबल’ करून ठेवली आहे. राइट क्लिक करून ‘एनेबल’ केलं की विषय संपला.

आधी वायर, मग ड्रायव्हर

घराघरांत पडलेल्या वायरींमध्ये काही वायरी फक्त चार्जिंगच्या असतात. त्यांच्यात विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. मोबाईल लावला की चार्ज होतो, पण फोटो दिसत नाहीत, यामागे पुष्कळदा हीच वायर असते. म्हणून पहिलं काम म्हणजे वायर बदलून बघणं.

दुसरं काम पोर्ट बदलणं. डेस्कटॉपच्या पुढच्या पोर्टमधून थेट मदरबोर्डवरच्या, म्हणजे मागच्या पोर्टवर या. मध्ये यूएसबी हब असेल तर तो काढा.

हबचं कारण विजेचं आहे. यूएसबी २.० चा पोर्ट एका वस्तूला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० चा ९०० मिलिअँपिअर. स्वतःचा अडॅप्टर नसलेल्या हबवर एका पोर्टचा वाटा सगळ्यांत वाटला जातो. पोर्टेबल हार्डडिस्क, माऊस आणि मोबाईल एकाच हबवर लावले की हार्डडिस्क उपाशी राहते आणि टिकटिक करत बंद-चालू होते. लोक मात्र ड्रायव्हर शोधत बसतात.

तिसरं काम म्हणजे तीच वस्तू दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघणं. तिथेही चालली नाही तर दोष बहुधा वस्तूचा किंवा वायरचा. तिथे चालली तर आपल्या कॉम्प्युटरकडे वळायचं.

शट डाऊन आणि रीस्टार्ट यांत फरक आहे

‘मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला, तरी होत नाहीये,’ असं लोक सांगतात. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात होते. त्यामुळे अडकलेला ड्रायव्हर तसाच अडकून परत येऊ शकतो.

रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. म्हणून ड्रायव्हरच्या तक्रारीत शट डाऊन नाही, ‘रीस्टार्ट’च दाबायचं.

तेवढ्याने भागलं नाही तर या क्रमाने जा.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये फक्त त्या वस्तूवर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करा, वायर काढा, रीस्टार्ट करा आणि वायर परत लावा. पाच पायऱ्यांचं सगळं संभाषण नव्याने होतं.

इथे एक सावधानता. ‘सगळे यूएसबी कंट्रोलर उडवून टाका’ असा सल्ला व्हिडिओंमध्ये सर्रास दिला जातो. पण तुमचा माऊस आणि कीबोर्डही यूएसबीवरच असतील तर अर्ध्या वाटेत दोन्ही बंद पडतील आणि पुढचं क्लिक करायला हातात काही उरणार नाही. पॉवर बटणाने रीस्टार्ट केल्यावर सहसा ते परत येतात, पण तोवर घाम फुटतो.

त्यानंतर सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, मग ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ आणि ‘ऑप्शनल अपडेट्स’ बघा. बरेच ड्रायव्हर तिथे शांतपणे वाट बघत असतात.

कालपर्यंत चालत होतं आणि अपडेटनंतर बंद पडलं असेल तर वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ असतं. ते दाबलं की जुना दुभाषा परत येतो.

वस्तू मध्येच झोपी जात असेल, तर यूएसबी रूट हबच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅब उघडा. वीज वाचवण्यासाठी हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक तिथे असते. ती काढा.

अपडेटच आजारी पडलं तर?

असंही होतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज ११ साठी आलेल्या अपडेटनंतर एक विचित्र प्रकार घडला. रोजच्या वापरात यूएसबी माऊस-कीबोर्ड व्यवस्थित चालायचे. पण कॉम्प्युटर बिघडल्यावर दुरुस्तीसाठी जी ‘रिकव्हरी’ची स्क्रीन येते, तिथे दोन्ही मुके झाले. म्हणजे दवाखान्याचं दार उघडं, पण आत गेल्यावर बोलायची सोय नाही.

ही रिकव्हरी स्क्रीन म्हणजे एक वेगळं, छोटं विंडोज असतं. त्याचे ड्रायव्हरही वेगळे असतात. त्यामुळे मुख्य विंडोजमध्ये सगळं ठीक असूनही तिथे गडबड होऊ शकते. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला तातडीचं अपडेट काढून ती सुधारली.

योगायोग असा की त्याच १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. जुन्या प्रिंटर आणि स्कॅनरवर दुकान चालवणाऱ्यांना आता नव्या विंडोजकडे जावंच लागतंय. पण जुन्या वस्तूचा ड्रायव्हर नव्या विंडोजसाठी कंपनीने बनवलाच असेल असं नाही. म्हणून विंडोज बदलण्याआधी आपल्या मशीनचा ड्रायव्हर मिळतो का, हे कंपनीच्या साइटवर बघून घेतलेलं बरं.

ड्रायव्हरने वस्तूच निकामी केली, तेव्हा

२०१४ चा किस्सा या सगळ्यावर कडी करतो.

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची एफटीडीआय नावाची कंपनी यूएसबीला जुन्या सिरियल पोर्टशी जोडणारी चिप बनवते. असंख्य मशीनमध्ये ही चिप असते. ती इतकी चालली की तिच्या नकला बाजारात आल्या. नकली चिप स्वतःचं नाव एफटीडीआयच सांगायची आणि एफटीडीआयचाच ड्रायव्हर वापरायची.

कंपनी वैतागली. २०१४ मध्ये तिचा नवा ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून लोकांच्या कॉम्प्युटरवर आला. समोरची चिप नकली असली, तर हा ड्रायव्हर तिचा प्रॉडक्ट आयडी पुसून तिथे शून्य लिहायचा. पाहुण्याच्या ओळखपत्रावरचं नावच खोडून टाकल्यासारखं. मग ती वस्तू विंडोजमध्ये ओळखली जाईना. दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली तरी तेच, कारण नाव चिपमध्येच पुसलं गेलं होतं.

जगभरातून ओरड झाली. कारण शिक्षा नकली चिप बनवणाऱ्याला झालीच नाही. आपल्या मशीनमध्ये कुठली चिप आहे हे ज्याला माहीतही नव्हतं, त्या सामान्य ग्राहकाला झाली. शेवटी तो ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून काढून घ्यावा लागला.

आजही स्वस्त यूएसबी-सिरियल वायर किंवा आर्डुइनोची नक्कल घेतल्यावर अडचण आली तर आधी आत कुठली चिप आहे ते बघावं लागतं. वस्तूच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडी ०४०३ असेल तर एफटीडीआय, ०६७बी असेल तर प्रोलिफिक आणि १ए८६ असेल तर चिनी सीएच३४० घराण्यातली चिप. ज्या घरची चिप, त्या घरच्याच साइटवरून ड्रायव्हर घ्यायचा. डब्यावर काय छापलंय, याला इथे फार किंमत नाही.

काय करू नये?

एक. गुगलवर एरर टाकली की ‘एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर अपडेट’ म्हणणारे प्रोग्राम वर येतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यापर्यंत पोचू शकतो. अनोळखी साइटवरून तो घेणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात घराच्या किल्ल्या देणं.

दोन. ड्रायव्हर चालत नाही म्हणून ‘मेमरी इंटिग्रिटी’ किंवा सही तपासायची व्यवस्था बंद करायला सांगणारे सल्ले ऐकू नका. ज्या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार होतात, तिथे तर मुळीच नको.

तीन. पेनड्राइव्ह लावल्यावर ‘आधी फॉरमॅट करा’ असा प्रश्न आला आणि आत कामाचा डेटा असेल तर ‘कॅन्सल’ दाबा. हा बहुतेक वेळा ड्रायव्हरचा नाही, आतल्या फाईल-व्यवस्थेचा बिघाड असतो. डेटा परत मिळण्याची आशा असते. फॉरमॅट केलं की ती कमी होते.

चार. पेनड्राइव्ह ओळखला जातोय पण ‘धिस पीसी’मध्ये दिसत नाही, म्हणून तो फेकू नका. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून बघा. कधीकधी त्याला फक्त ड्राइव्हचं अक्षर मिळालेलं नसतं. ते तिथून देता येतं.

आणि आधारचं मशीन?

सेवा केंद्रांत बोटांचे ठसे घेणारं मशीन अडलं की बाहेर रांग वाढते. त्या रांगेत कुणी पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी आलेलं असतं, कुणी रोजगार बुडवून. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आधार पडताळणीसाठी नुसता ड्रायव्हर पुरत नाही. त्यावर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचा वेगळा प्रोग्राम चालू असावा लागतो आणि मशीन नोंदणीकृत असावं लागतं.

म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये मशीन पिवळ्या त्रिकोणाशिवाय, नीट दिसत असेल तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही. आरडी सर्व्हिस चालू आहे का, तिची मुदत संपली आहे का, हे आधी बघायचं. मशीन त्रिकोणासह दिसत असेल किंवा दिसतच नसेल, तर मात्र वायरपासून सुरुवात.

अठ्ठावीस वर्षांपूर्वीच्या त्या स्टेजवर जे घडलं, तेच आजही आपल्या टेबलावर घडतं. वस्तू येते, कॉम्प्युटर नाव विचारतो, दुभाषा शोधतो आणि कुठेतरी बोलणं तुटतं. पुढच्या वेळी ती पाटी झळकली की लगेच विंडोज उडवायला घेऊ नका. वायर बदला, पोर्ट बदला, रीस्टार्ट करा, कोड वाचा. आणि शेवटच्या तारखेची कागदपत्रं असतील तर त्यांची एक प्रत स्वतःला ईमेल करून ठेवा, म्हणजे पेनड्राइव्ह रुसला तरी फॉर्म अडणार नाही.